साध्या दिसणाऱ्या चट्ट्यात कुष्ठरोगाचा जंतू कुठे दडतो, हे दाखवून देणारे डॉ. खानोलकर

अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातलं कुठलंही गाव घ्या. कापूस वेचणीचे दिवस आहेत. आंघोळ करताना कुणाच्या तरी लक्षात येतं की दंडावर रुपयाच्या नाण्याएवढा एक फिकट डाग पडलाय. तो खाजत नाही, दुखत नाही, त्यातून पाणी येत नाही. घरातलं कुणी म्हणतं शिबं असेल, कुणाला गजकर्ण वाटतं, एखाद्याला कोडाची शंका येते. मेडिकलमधून मलम येतं. पंधरा दिवस लावून झालं की विषय संपतो, कारण डाग वाढलेला नसतो आणि त्रासही काही नसतो.

आता हा डाग खरोखर शिबंच असण्याची शक्यता जास्त आहे. पण तो कुष्ठरोगाचा पहिला चट्टा असेल, तर न दुखणं हेच त्याचं लक्षण आहे. त्वचेखाली बारीक नसांमध्ये काहीतरी चाललेलं असतं, त्या हळूहळू मुक्या होत असतात. मुकी झालेली नस तक्रार करत नाही. काही वर्षांनी चुलीवरचं भांडं उचलताना हात भाजतो आणि कळतच नाही, किंवा करंगळी वाकायला लागते. तेव्हा माणूस दवाखान्यात जातो.

त्या पहिल्या, मुक्या काळात कातडीच्या आत नेमकं काय घडत असतं, याचा अगदी बारकाईनं शोध घेणारा एक मराठी माणूस होता. तो कुष्ठरोगाचा डॉक्टर नव्हता. तो कॅन्सरचा संशोधक होता. डॉ. वसंत रामजी खानोलकर.

गुगलवर नुसतं खानोलकर टाकलं तर आधी कवी आरती प्रभू येतात, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर. नाहीतर परमवीर चक्राचं डिझाइन करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर. डॉक्टर खानोलकर बरेच खाली सापडतात. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून वैद्यकाच्या पुस्तकांत ज्यांचं नाव घेतात, त्यांच्याबाबतीत हे जरा अन्यायाचंच आहे.

पण त्यांच्याकडे जाण्याआधी वऱ्हाडाचं काय चाललं होतं, ते बघायला हवं. म्हणजे या शोधाची गरज कुणाला होती, ते कळेल.

इंग्रजांच्या काळात जनगणना होत असे तेव्हा माणसं मोजताना चार प्रकारच्या पीडितांची वेगळी नोंद होई. अंध, मूकबधिर, वेडे आणि कुष्ठरोगी. १८८१ पासून पुढची पन्नास वर्षं ही मोजणी चालली आणि लोकसंख्येच्या मानानं कुष्ठरोगी जास्त असलेल्या प्रांतांत वऱ्हाडाचं नाव ठळकपणे येत राहिलं. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ हा सगळा कापसाचा, पैसा खेळणारा मुलूख. तरीही हा आकडा.

त्यात एक गंमत होती, खरं तर गंमत म्हणू नये. मोजणी करणाऱ्यांना सूचना असे की ज्याच्या अंगावर नुसते पांढरे डाग आहेत त्याला कुष्ठरोगी धरू नका. हेतू चांगला होता, कोड असलेली माणसं चुकून या यादीत येऊ नयेत हा. पण गावातला पाटील-पटवारी किंवा मास्तर डागाडागांतला फरक ओळखणार कसा? त्यामुळे कागदावर आला तो झडलेल्या बोटांचा, बसलेल्या नाकाचा आजार. चट्ट्याच्या पायरीवर असलेली माणसं मोजणीच्या बाहेरच राहिली. त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं की आपण त्या वाटेवर आहोत.

याला समाजानं नाव ठेवलं होतं महारोग. रक्तपिती असंही म्हणत. १८९८ च्या कायद्यानुसार भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला वॉरंटशिवाय धरून आश्रमात डांबता येत होतं. सार्वजनिक विहिरीवर जायला, गाडीत बसायला, खाण्याचे पदार्थ विकायला त्याला मनाई करता येत होती. उपचार म्हणाल तर चौलमोगऱ्याच्या तेलाची इंजेक्शनं. सुई प्रचंड दुखायची आणि गुण यायचाच असं नाही.

अशा वातावरणात काही माणसं उभी राहिली. अचलपूरजवळ कोठारा इथे मिशनचं कुष्ठरोग रुग्णालय होतं, ते आजही आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये काम सुरू केलं. आणि अमरावतीत डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ मध्ये शहराबाहेर तपोवन उभारलं. ज्यांना घरानं, गावानं टाकलं होतं त्यांना तिथे शेती मिळाली, हाताला काम मिळालं, काहींचे संसारही उभे राहिले. दाजीसाहेबांना १९५९ मध्ये पद्मश्री मिळाली. अमरावतीत त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही.

पण तपोवनाच्या दारात येणारा माणूस बहुतेक वेळा खूप उशिरा आलेला असायचा. वाकलेली बोटं, तळपायाच्या जखमा. त्याला आसरा देता येत होता, गेलेली नस परत आणता येत नव्हती. माणूस लवकर सापडायला हवा होता, आणि त्यासाठी आजार पहिल्या पायरीवर कसा दिसतो हे कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. ते काम वऱ्हाडापासून दूर, मुंबईत परळला झालं.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, क्वेट्ट्याचा. आज ते पाकिस्तानच्या बलुचिस्तानात आहे. घराणं मूळचं गोमंतकातलं. वैद्यकाचं शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतलं आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतली एमडी मिळवली. त्या काळात लंडनची एमडी घेऊन आलेल्या डॉक्टरला मुंबईत प्रॅक्टिस टाकून उत्तम पैसा करता आला असता. खानोलकर मात्र शिकवायला लागले. आधी ग्रँट मेडिकल कॉलेज, मग परळचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज.

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे कोण, हे इथे सांगून ठेवू. आपल्याकडे अजूनही अनेकांना वाटतं की रक्त-लघवी तपासणारा. त्याचं खरं काम आजारी अवयवाचा तुकडा बघून आत काय बिघडलंय ते सांगणं. शरीरातून काढलेला छोटासा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, मेणात बसवतात आणि यंत्रानं त्याचे काप काढतात. काप किती पातळ, तर एका मिलिमीटरमध्ये दोनशे बसतील इतके. मग ते रंगवून मायक्रोस्कोपखाली धरायचे. रुग्ण समोर नसतो, त्याचं तोंडही बघितलेलं नसतं. फक्त काप बोलतो.

१९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं आणि खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे संचालक झाले. देशभरातून कॅन्सरचे रुग्ण यायचे. इथे त्यांची एक खोड कामी आली. ते स्लाइड बघून थांबत नसत, हा माणूस राहतो कसा, खातो काय, नेसतो काय हेही विचारत. १९४५ मध्ये त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी एक शोधनिबंध लिहिला. भारतीयांच्या सवयींतून होणाऱ्या कॅन्सरबद्दल. त्यात कमरेला धोतर घट्ट खोचून वर्षानुवर्षं घासल्यामुळे तिथल्या कातडीला होणारा कॅन्सर होता. धोती कॅन्सर हे नाव आजही वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. पुढे १९५५ मध्ये त्यांनी एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासोबत तंबाखू ओढणं आणि चघळणं यांचा तोंड-घशाच्या कॅन्सरशी असलेला संबंध आकडेवारीनं मांडला. सिगारेटवरून जगात वाद चालू होता, तेव्हा चघळायच्या तंबाखूकडे बोट दाखवणारं हे काम मुंबईत झालं होतं.

मग हा माणूस कुष्ठरोगाकडे का वळला? कारण तसं बघितलं तर सरळ आहे. भारतात बसून कातडीच्या आजारांचा अभ्यास करायचा आणि कुष्ठरोगाकडे दुर्लक्ष करायचं हे शक्य नव्हतं. शिवाय वेळ नेमकी होती. १९४० च्या दशकात अमेरिकेत सल्फोन गटातली औषधं कुष्ठरोगावर चालतात असं दिसून आलं आणि त्याच दशकात ती भारतातही पोचली. पुढे त्यातलीच डॅप्सोनची स्वस्त गोळी सगळीकडे गेली. इतिहासात पहिल्यांदाच हातात खरं औषध आलं होतं. पण औषध आलं की लगेच पुढचा प्रश्न येतो. नस मरण्याआधी ते द्यायचं तर आजार कधी आणि कसा ओळखायचा?

जंतू कोणता हे ठाऊक होतं. नॉर्वेच्या गेऱ्हार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्येच तो शोधला होता. पण त्याच्या ओळखी झाल्या त्या मुख्यतः वाढलेल्या आजारात. गाठी आलेल्या रुग्णाच्या कातडीत हे जंतू अक्षरशः कोटींनी सापडतात, विडीच्या कट्ट्यासारखे एकमेकांना चिकटून. सुरुवातीच्या चट्ट्यात मात्र शोध शोध शोधलं तरी काही दिसत नाही. कातडीला छेद देऊन, द्रव घेऊन, काचेवर पसरून बघितलं तर रिपोर्ट निगेटिव्ह. मग डॉक्टर गोंधळायचा. हा आजार आहे की नाही?

खानोलकरांनी या सुरुवातीच्या चट्ट्यांचेच तुकडे घेतले. त्यांचे एकामागून एक काप काढले. एखादा काप बघून निकाल न देता तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, पुस्तक वाचावं तसा. हे काम कंटाळवाणं असतं आणि त्यात डोळे जातात. १९५१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्यांचा हा अभ्यास खास अहवाल म्हणून छापला. विषय एकच, कुष्ठरोगाच्या सुरुवातीच्या चट्ट्यांमधली ऊतकांची रचना.

त्यांना काय दिसलं ते समजायला आधी साधी कातडी डोळ्यासमोर आणू. वर एक पातळ थर, त्याखाली जाडसर गादीसारखा थर. या गादीत रक्ताच्या बारीक नळ्या, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं, केस उभा करणारे इवले स्नायू आणि या सगळ्यांच्या मधून गेलेले नसांचे धागे. काटा टोचला, थंडी वाजली, कुणी हात लावला, हे सगळं याच धाग्यांतून मेंदूकडे जातं.

सुरुवातीच्या चट्ट्यात या गादीचा बहुतेक भाग ठणठणीत दिसतो. फक्त काही ठिकाणी, रक्ताच्या नळ्यांभोवती, घामाच्या ग्रंथींभोवती आणि नसांच्या धाग्यांभोवती, संरक्षण करणाऱ्या पेशींचे छोटे घोळके जमलेले असतात. चौकात दोन-चार पोलीस उभे असावेत तसे. पण असे घोळके साध्या ॲलर्जीतही जमतात, कीटक चावला तरी जमतात. म्हणून रिपोर्टमध्ये लिहिलं जातं, विशिष्ट निदान करता येत नाही अशी सूज. हे वाक्य वाचून रुग्ण आणि कधी कधी डॉक्टरही समजतात की कुष्ठरोग नाही. तसा अर्थ होत नाही.

खानोलकरांचा भर होता तो नसांवर. पोलीस कुठेही असोत, चोर बघायचा तर नसेच्या धाग्याच्या आत बघा. तिथे, धाग्यातल्या पेशींमध्ये, एखाद-दुसरा लाल दांडीसारखा जंतू सापडतो. काप बदलला की गायब, पुढच्या कापात पुन्हा एक. कुष्ठरोगात नसा बिघडतात हे आधीपासून माहीत होतं, त्यात नवं काही नव्हतं. पण तो परिणाम मानला जायचा, आजार वाढल्यावर नसांनाही त्रास होतो असा. खानोलकरांनी मांडलं ते वेगळं होतं. नस हा जंतूचा शेवटचा मुक्काम नाही, ते त्याचं अगदी सुरुवातीचं घर आहे. पुढे आजार कुठलंही रूप घेवो, सौम्य किंवा उग्र, त्याची सुरुवात कातडीतल्या बारीक नसांतून होते.

आणि हे घर त्यानं उगाच निवडलेलं नाही. नसेच्या धाग्याभोवती संरक्षक आवरण करणाऱ्या पेशी असतात, त्यांना श्वान पेशी म्हणतात. कुत्र्याशी संबंध नाही, थिओडोर श्वान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञावरून ते नाव आलंय. या पेशींच्या आत शरीराच्या पहारेकऱ्यांची नजर सहज पोचत नाही. जंतूला तिथे निवांतपणा मिळतो, आणि त्याला निवांतपणाच हवा असतो. इतर अनेक जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात, याला त्यासाठी साधारण बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणून संसर्ग झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. शिवाय त्याला थंडावा आवडतो. म्हणून तो पोटाच्या आत न जाता कातडी, कानाची पाळी, नाक, हातापायांच्या कडेच्या नसा इथे रमतो.

खानोलकरांचं असंही मत होतं की जंतू नसेच्या गाभ्यातून, प्रवाहाविरुद्ध पोहत जावं तसा, वर वर सरकतो. पुढे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर चित्र थोडं बदललं. गाभ्यातही जंतू कधी कधी सापडतात, पण त्याचं मुख्य बिऱ्हाड श्वान पेशीतच असतं हे स्पष्ट झालं. म्हणजे रस्त्याचा तपशील दुरुस्त झाला, पत्ता बरोबर निघाला.

आता पुढचा भाग, जो प्रत्येक नातेवाइकाला पडलेला प्रश्न आहे. एकाच घरात एकाला दोन चट्टे येऊन थांबतात आणि दुसऱ्याचं सगळं अंग भरतं, असं का? जंतू एकच असतो, फरक माणसाच्या प्रतिकारशक्तीत असतो. बहुतेक माणसांचं शरीर, शंभरातल्या जवळपास पंचाण्णवांचं, या जंतूला मुळात थाराच देत नाही. उरलेल्यांपैकी ज्यांची प्रतिकारशक्ती जोरदार असते त्यांच्या शरीरात पहारेकरी पेशी नसेवर तुटून पडतात, एकमेकींत घट्ट गुंफून गाठ तयार करतात आणि जंतूंचा जवळपास नायनाट करतात. पण त्या हाणामारीत नसही चिरडली जाते. त्यामुळे चट्टा एखादाच, कडा ठळक, पूर्ण बधीर, आणि तपासणीत जंतू शून्य.

दुसऱ्या टोकाला ज्यांच्या पेशी जंतूला ओळखतच नाहीत, त्यांच्या कातडीत फुगलेल्या, फेसासारख्या पेशी दिसतात आणि प्रत्येकीच्या पोटात जंतूंची मोळी. अशा माणसाला सुरुवातीला बधीरपणा जाणवतही नाही, कातडी नुसती तुकतुकीत दिसते, भुवया विरळ होतात. लोक तब्येत सुधारली म्हणतात. अनेक रुग्ण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात आणि ते सगळ्यात फसवे. चेन्नईजवळच्या चेंगलपट्टूला काम केलेले कुष्ठरोगतज्ज्ञ रॉबर्ट कॉक्रेन यांच्यासोबत खानोलकरांनी १९५६ मध्ये याच मधल्या, दोन्हीकडची लक्षणं दाखवणाऱ्या सपाट चट्ट्यांवर निबंध लिहिला. रुग्ण तपासणारा आणि काप वाचणारा अशी ती जोडी होती.

जंतू दिसणं इतकं अवघड का, याचं कारण सोपं आहे. एका ग्रॅम ऊतकात साधारण दहा हजार जंतू असतील तरच काचेवर एखादा सापडण्याची आशा. सुरुवातीच्या चट्ट्यात इतके नसतातच. त्यात हा जंतू मेणकट आवरणाचा. लाल रंग एकदा त्यात मुरला की ॲसिडनं धुतला तरी जात नाही, बाकी सगळं निळं होतं आणि हा लाल राहतो. पण काप तयार करताना जी रसायनं वापरतात त्यांत त्याचं मेणकट आवरणच विरघळू शकतं आणि मग तो रंगही धरत नाही. यावर तंत्रज्ञांनी काढलेला उपाय ऐकून हसू येईल. कापाला रंगवण्याआधी शेंगदाण्याच्या तेलाचं मिश्रण लावायचं. ही फाइट-फॅराको पद्धत आजही पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांत वापरतात. फोडणीचं तेल जंतूचं आवरण वाचवतं.

खानोलकरांना अजून एक गोष्ट हवी होती. हा जंतू प्रयोगशाळेत वाढवणं. हॅन्सनपासून सगळे हरले होते. १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र सुरू झालं, खानोलकर त्याचे पहिले संचालक. तिथे कमल रणदिवे आणि सी. व्ही. बापट यांच्यासोबत त्यांनी जंतूला त्याच्या आवडीचं घर द्यायचं ठरवलं, म्हणजे नसेच्या पेशी. रुग्णाच्या गाठीतून घेतलेले जंतू मज्जापेशींच्या कल्चरमध्ये ठेवले आणि १९५८ मध्ये त्यांनी एक जंतू वाढल्याचं जाहीर केलं. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी बॅसिलस नाव पडलं.

तो खरंच कुष्ठरोगाचा जंतू होता का? नाही. पुढच्या अभ्यासात तो त्याच्या भाऊबंदांपैकी एक, वेगळ्या गटातला निघाला. खरा जंतू आजपर्यंत कुणालाच कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही, त्यासाठी उंदराचा तळपाय किंवा आर्माडिलो नावाचा खवलेदार प्राणी लागतो. पण खानोलकरांच्या गटाची मेहनत वाया गेली असंही नाही. याच भाऊबंदापासून मुंबईत डॉ. एम. जी. देव यांनी कुष्ठरोगाची लस तयार केली. दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या चाचणीत तिचं संरक्षण सुमारे ६५ टक्के आढळलं. ती सर्रास वापरात मात्र आली नाही, कारण तोवर गोळ्यांनीच रुग्णसंख्या खाली आणली होती.

खानोलकरांच्या आयुष्याचा बाकी आलेख मानसन्मानाचा आहे. १९४९ मध्ये देशातल्या पॅथॉलॉजिस्टांची संघटना झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. पद्मभूषण मिळालं, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ ला ते गेले. पदांची ही यादी कुठेही मिळते. त्यांनी तयार केलेली माणसं हा त्यांचा खरा पसारा, आणि कमल रणदिवे त्यातलं एक नाव. पुढे त्यांनी स्वतः कॅन्सर संशोधनात मोठं काम केलं.

त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९८१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं एकट्या डॅप्सोनऐवजी दोन-तीन औषधं एकत्र द्यायची शिफारस केली, कारण जंतू डॅप्सोनला दाद देईनासा झाला होता. हेच ते एमडीटीचं पाकीट. थोडे चट्टे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा. सरकारी दवाखान्यात फुकट. औषध सुरू झालं की रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका लवकरच संपतो, त्याला वेगळं ठेवायचं काही कारण उरत नाही. १८९८ चा तो कायदा मात्र संसदेनं रद्द करायला २०१६ उजाडलं. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येण्याची तरतूद २०१९ मध्ये गेली. जंतू बारा महिन्यांत मरतो, कागदावरची भीती मरायला जवळपास सव्वाशे वर्षं लागली.

२००५ च्या शेवटी देशात दर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण अशी स्थिती आली आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोग संपल्याचं जाहीर झालं. अनेकांनी त्याचा अर्थ आजारच संपला असा घेतला. तसं झालेलं नाही. विदर्भात नवे रुग्ण आजही सापडतात, त्यात लहान मुलंही असतात. लहान मुलाला चट्टा असणं म्हणजे त्याच्या आसपास कुणीतरी अजून न सापडलेला रुग्ण आहे. म्हणून रुग्ण सापडला की घरच्यांची, शेजाऱ्यांची तपासणी करतात आणि योग्य असेल त्यांना रिफाम्पिसिनचा एक डोस देतात.

चट्टा शंकेचा असेल तर आजही तुकडा घ्यावा लागतो. चार मिलिमीटरच्या गोल पातीनं, जागा बधीर करून, पाच मिनिटांत. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट तो मायक्रोस्कोपखाली धरतो. पेशींचे घोळके दिसले की तो आधी जवळपास नसेचा धागा शोधतो. सापडला नाही तर खोलवरचे आणखी काप मागवतो.

पण बहुतेक वेळा तितकी वेळ येत नाही. शोधमोहिमेत आशाताई घरी येतात, डाग दिसला की डोळे मिटायला सांगतात. मग बॉलपेनच्या टोकानं कातडीला हलकेच स्पर्श करतात आणि जिथे हात लागला असं वाटतं तिथे बोट ठेवायला सांगतात. आधी चांगल्या कातडीवर, मग डागावर. चांगल्या जागी बोट बरोबर येतं. डागावर टोक टेकवल्यावरही माणूस डोळे मिटून तसाच वाट बघत बसला, तर ताई वहीत नाव लिहून घेतात आणि दवाखान्यात कधी यायचं ते सांगतात.